हृदयाचं टोक

कारखान्यात दिवसाची सुरुवात केरापासून व्हायची. आदल्या दिवशी घासताना, कोरताना उडालेला सोन्याचा भुगा फरशीच्या फटींत बसलेला असे, म्हणून इथला केर कुणी बाहेर फेकत नसे. मऊ ब्रशानं गोळा करून तो पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचा. मग एकेक कारागीर आपल्या बाकावर बसायचा, मांडीवर चामड्याची झोळी पसरायचा, म्हणजे हातातून काही निसटलंच तर ते झोळीत पडावं. सगळ्यांत शेवटी भिंगकाका बसायचे. ते उशिरा यायचे असं नाही. त्यांचं बाक खिडकीला लागून, अगदी टोकाला होतं आणि वाटेत प्रत्येकाची विचारपूस केल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे.

त्यांचं खरं नाव आठवायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागलं असतं. काम नसलं की भिंग कपाळावर सरकवलेलं. जेवतानाही तिथेच, हसतानाही तिथेच, आणि एकुलत्या एका मुलीच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा तिथेच. हृदयाच्या आकाराचे हिरे बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गोल हिरा कसाही फिरवून बसवता येतो. हृदयाचं तसं नाही. वर दोन गोलाया, त्यांच्यामध्ये खाच आणि खाली टोक. हे टोक फार नाजूक. दाब जरा वाकडा पडला की टवका उडालाच. म्हणून त्या टोकावर सोन्याची बारीकशी टोपी चढवायची, दोन्ही बाजूंनी दुमडलेली. ती टोपी करावी तर भिंगकाकांनीच. तिची कड इतकी नेमकी असे की दुकानातली मंडळी ती गिऱ्हाइकाला मुद्दाम भिंगाखाली दाखवत.

कारखाना मागे, दुकान पुढे. दुकानाच्या काचेत काळ्या मखमलीवर एक मोठं हृदय ठेवलेलं असे आणि येणारा-जाणारा दोन पावलं थबकून ते बघत असे. थबकणारच! तरुण पोरी बघत, नुकतीच लग्नं ठरलेली जोडपी बघत. पण विकत घ्यायला जे एकटे पुरुष येत, त्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. 'चुकलो' हा शब्द तोंडातून काढायला ज्यांची जीभ टाळूला चिकटते, त्यांच्यासाठी हृदयाचा हिरा फार सोयीचा. आपण एक शब्द बोलायचा नाही, हिऱ्यानं बोलायचं. बाईच्या गळ्यात तो पडला की आदल्या दिवशी काय झालं हे विचारायची कुणाला सोय राहत नाही. दहाजणींनी कौतुक केलेल्या दागिन्याखालचा वळ कोण शोधत बसतं?

कारखान्यातल्या लोकांना हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्यावर विनोद होता. लग्नसराई नसताना हृदयाच्या हिऱ्याची कागदी पुडी आत आली की पॉलिशच्या यंत्रावरचा माणूस, ज्याला सगळे टवाळ म्हणत, तो यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडायचा, "आलं बघा हृदय! काल कुणाकडे तरी भांडी आपटली!"

आणि भिंगकाका पुडी उघडून, हिरा चिमट्यात धरून, न्यायाधीशासारखा चेहरा करून निकाल द्यायचे. "लहान असेल तर शिवी. मधला असेल तर थप्पड. मोठा असेल तर दवाखाना."

सगळी बाकं हसायची. हे मोजमाप भिंगकाकांनीच काढलेलं होतं आणि त्याचा त्यांना मनातून अभिमानही होता. ज्या बायांसाठी ही हृदयं जात, त्यांतली एकही त्यांनी कधी पाहिली नव्हती. हसायला त्यामुळे काहीच अडचण येत नव्हती.

त्यांच्या मुलीला घरीदारी सगळे ठिणगी म्हणत. लहानपणापासून शब्द खाली पडू द्यायची नाही. बापाचा डबा घेऊन कारखान्यात आली की टवाळला उत्तरं देऊन गप्प करायची, आणि टवाळ गप्प होणं ही कारखान्यात सणासारखी गोष्ट होती. तिथेच मालकाच्या मुलानं तिला पाहिलं. त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. दिसायला देखणा, बोलायला मिठ्ठास. मालक स्वतः भिंगकाकांच्या बाकापाशी येऊन "तुमची मुलगी आम्हाला द्या" म्हणाले, तेव्हा भिंगकाकांना उठून उभं राहायचंही सुचलं नाही. बसल्या बसल्याच मान हलवली.

लग्नात मालकांनी त्यांना 'व्याही' म्हणून मिठी मारली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'भिंगकाका'. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. लग्नातलं हृदय त्यांनीच बसवलं होतं आणि त्या टोपीइतकी सुरेख टोपी त्यांच्या हातून आधी कधी झाली नव्हती.

धाकट्या मालकांच्या रागाची ओळख कारखान्याला नव्हती असं नाही. एकदा एका अंगठीवर बारीकसा ओरखडा राहिला, तर त्यांनी टवाळचा हात ओढून टेबलाच्या खणात घातला आणि खण गुडघ्यानं दाबला. पुन्हा उघडला, पुन्हा दाबला. दोन बोटं वाकडी झाली ती कायमची. पुढच्या आठवड्यात त्यांनीच टवाळला नवं घड्याळ आणून दिलं, सगळ्यांसमोर त्याच्या मनगटावर बांधलं. "राग आहे, पण मन मोठं आहे," असं म्हणणाऱ्यांत भिंगकाका पहिले होते. टवाळही वाकड्या बोटांनी घड्याळाला चावी देत हसला. मालकांच्या घरात सगळ्याच गोष्टी अशा मिटत. हात उचलायचा, मग वस्तू द्यायची. ज्यानं वस्तू घेतली त्यानं विषय मिटवला.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत एक लहानसं हृदय भिंगकाकांच्या बाकावर आलं. धाकट्या मालकांनी स्वतः आणून ठेवलं. "काका, तुमच्या मुलीसाठी आहे. सांगू नका तिला, गंमत आहे."

त्यांची पाठ वळली तसं सगळ्यांनी टवाळकडे पाहिलं. टवाळनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. यंत्राची घरघर तेवढी चालू राहिली.

"नवलाईचे दिवस आहेत," भिंगकाका म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

मग पावसाळ्यात दुसरं आलं, आधीपेक्षा मोठं. ते बसवताना भिंगकाकांनी मनातल्या मनातसुद्धा मोजमाप काढलं नाही. माणूस स्वतःशी किती चोख कानाडोळा करू शकतो, हे पाहायचं असेल तर अशा बापाकडे पाहावं.

पाऊस सरल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, ठिणगी एकटीच माहेरी आली. उकाड्याचे दिवस असूनही गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला. आई बाजारात गेली होती. भिंगकाकांना कारखान्याची सुट्टी होती, ते खिडकीत बसून हत्यारांना धार लावत होते. ठिणगी समोर बसली. बडबडी पोरगी गप्प बसलेली पाहून बापाला आधी बरंच वाटलं. संसारात मुरली, असं त्यांना वाटलं.

मग तिनं मुठीतून दागिना काढला आणि त्यांच्यापुढे धरला. दुसरं हृदय होतं ते. साखळी तुटलेली, टोकावरची टोपी एका बाजूनं वाकलेली.

"बाबा, हे बघा."

भिंगकाकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर घेतलं. हिरा उजेडात धरला. "अगं, टोपी वाकली की! आपटलीस कुठे? नशीब, टोक शाबूत आहे."

"बाबा, बघा ना."

"बघतोय ना. सगळं दिसतंय मला." हिऱ्याच्या मागे, खाचेत, काहीतरी तपकिरी सुकलेलं होतं. अंगावरचा दागिना परत आला की त्याच्या मागे साबण, पावडर, घाम, असला मळ असतोच. त्यांनी तो धुऊन काढला, टोपी सरळ केली, साखळीची कडी जोडली आणि मऊ कापडानं पुसून दागिना तिच्या हातावर ठेवला. "घे. होता तसा झाला. आता जपून वापर."

ठिणगी हातातल्या हृदयाकडे बघत राहिली. "मी इथे राहू का थोडे दिवस?"

"राहा की! पण धाकट्या मालकांना विचारलंस का? उगाच गैरसमज नको. एवढं जीव लावणारं माणूस आहे, वर्षात दोन-दोन हिरे कोण देतं आपल्या बायकोला?"

ती उठली. मफलर सारखा केला. दाराशी जाऊन थांबली, वळून बापाकडे पाहिलं. भिंग अजून त्यांच्या डोळ्यावरच होतं.

"येते, बाबा," ती म्हणाली.

आठवड्याभरानं मालकीणबाईंच्या, म्हणजे ठिणगीच्या सासूच्या, कानातल्या हृदयांची मळसूत्रं ढिली झाली. ती दुरुस्त करून भिंगकाका स्वतःच द्यायला निघाले. त्या निमित्तानं पोरही दिसेल. मालकांचं घर मोठं, पांढऱ्या भिंतींचं, आत शिरताच समोर लाकडी जिना. दार मालकीणबाईंनी उघडलं. त्यांनी भिंगकाकांना पाहिलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या, बाजूला झाल्या नाहीत.

"ठेवून जा ना," त्या म्हणाल्या. "मी बघते नंतर."

तेवढ्यात वर काहीतरी जड आपटलं. मग पुन्हा.

"काय झालं?"

"काही नाही. कपाट सरकवतायत."

वरून किंकाळी आली आणि मध्येच तुटली. भिंगकाका दार लोटून आत शिरले. मालकीणबाईंनी त्यांची बाही धरली. त्यांचा आवाज अगदी शांत होता, भाजी निवडताना बोलावं इतका. "वर जाऊ नका. मध्ये कुणी पडलं की जास्त चिडतो. होईल शांत. उद्या हिरा आणेल. माझ्याकडे डबाभर आहेत."

जिन्याच्या वरच्या टोकाला ठिणगी दिसली. चालत नव्हती. धाकट्या मालकांनी तिच्या गळ्यातली साखळी मुठीला पिळा घालून धरली होती आणि तिला फरफटत आणत होते. गळ्याच्या खळीत जुनी जखम होती, अर्धवट सुकलेली, आणि हृदयाचं टोक तिथेच रुतलं होतं.

"गळ्यातलं काढून ठेवलं होतंस कशाला?" ते ओरडत होते. "मी दिलेलं काढतेस? विचारलंस मला?"

"टोचतं," ठिणगी म्हणाली. एवढाच शब्द ऐकू आला. त्यांनी तिचं तोंड जिन्याच्या कठड्यावर आपटलं. पांढऱ्या कठड्यावर लाल ओघळ उतरला. तिनं हात पुढे केले तर हात पिरगळले. पुन्हा आपटलं. ती पायऱ्यांवरून घसरत खाली आली आणि ते तिच्या मागोमाग उतरले. पळत नव्हे, एकेक पायरी, बुटानं लाथ घालत. पोटात, कमरेत, मग कानावर.

भिंगकाका धावले. कसे धावले ते त्यांना कळलं नाही. धाकट्या मालकांचा दंड त्यांनी दोन्ही हातांनी पकडला, आणि कोपर त्यांच्या तोंडावर असं बसलं की पुढचा दात ओठात शिरला. ते उताणे पडले. कपाळावरचं भिंग फरशीवर आपटून तडकलं. पडल्या पडल्या त्यांनी शेवटची लाथ पाहिली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि ठिणगीचा जबडा एका बाजूला गेला.

त्याच क्षणी साखळी तुटली. हृदय उडून फरशीवर टणटणत गेलं.

धाकटे मालक थांबले. "हिरा कुठे गेला?" त्यांनी विचारलं, आणि ते खाली वाकले. मालकीणबाईही वाकल्या. आई आणि मुलगा दोघं गुडघे टेकून पायऱ्यांखाली हिरा शोधायला लागले.

हिरा भिंगकाकांच्या बोटांपाशी येऊन पडला होता. आयुष्यभराची सवय फार वाईट. रक्तबंबाळ पोर पुढ्यात पडलेली असताना त्यांचा हात आधी हिऱ्यावर गेला, तो कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. बोटांना टोपीची कड लागली. ती ओली होती. वर काय चिकटलंय ते त्यांनी भिंगाशिवाय ओळखलं. त्या दुपारी खाचेतून आपण काय धुऊन काढलं होतं, तेही आत्ता ओळखलं. आपण पोरीचं रक्त धुतलं, टोपीचं नख सरळ केलं आणि तेच नख तिच्या गळ्यात घालून तिला परत पाठवलं!

हिरा तसाच फरशीवर टाकून ते सरपटत तिच्याकडे गेले. तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, आणि त्यांच्या अंगातून असा आवाज निघाला की बाहेर रस्त्यावरचं माणूस थांबून आत बघायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कारखान्यात आले. ठिणगी इस्पितळात होती, जबडा तारांनी बांधलेला, एका कानाचा पडदा गेलेला. भिंगकाका ओठाला टाके घालून बाकावरची हत्यारं न्यायला आले होते. मालकांनी पुडी त्यांच्यासमोर ठेवली.

"झालं ते वाईट झालं. पोराला मी खूप बोललो. हा बघा, आपल्याकडचा सगळ्यांत मोठा आहे. तुमच्याच हातानं बसवा. संध्याकाळी चार माणसांसमोर तिच्या गळ्यात घालू आणि विषय मिटवू. काय, व्याही?"

भिंगकाकांनी पुडी उघडली. फार सुंदर हिरा होता. दोन्ही गोलाया सारख्या, खाच नितळ, टोक सरळ. तडकलेल्या भिंगातून तो दोन तुकड्यांसारखा दिसला. मोठा असेल तर दवाखाना. हसणारे सगळे आपापल्या बाकावर बसले होते आणि प्रत्येकाची मान खाली होती.

त्यांनी पुडीची घडी पुन्हा घातली.

"मी बसवणार नाही."

"बरं. तुमच्या मनाला लागलंय, मला कळतं. दुसरा कुणी बसवेल." मालकांनी ओळीवर नजर फिरवली. कुणी मान वर करेना. तेवढ्यात यंत्राची घरघर बंद पडली. टवाळनं बटण दाबलं होतं. त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलाच्या खणात टाकलं, आणि तो खण वाकड्या बोटांनी हळूच लावून घेतला.

"मी पॉलिश करणार नाही," तो म्हणाला. बोलताना त्याची जीभ अडखळली. टवाळची जीभ अडखळलेली त्याआधी कुणी ऐकली नव्हती.

भिंगकाकांनी बाकावरची झोळी झटकली, केराच्या डब्यात सोन्याचे कण पडू दिले, आणि हत्यारांची पिशवी उचलली.

इस्पितळात ठिणगीच्या खाटेपाशी एक पोलीसबाई उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना बोलावलं होतं. ठिणगीची आई पदरी आलेल्या संकटानं इतकी घाबरली होती की, समोरचा काय विचारतो हे पुरतं ऐकायच्या आधीच उत्तर देत होती.

"जिन्यावरून पडली हो. घाई फार करते. लहानपणापासून तशीच."

"गळ्याला काय झालंय?"

"तेही पडतानाच..."

दार उघडलं. मालकीणबाई आल्या. हातात मखमलीची डबी. हिरा बाहेरून कुठून तरी बसवून आणला होता, घाईघाईत. टोकावरची टोपी जाड, ओबडधोबड. पोलीसबाईंना पाहून त्या क्षणभर थबकल्या, पण मग हसल्या. हसायची त्यांना सवय होती.

"नवऱ्यानं पाठवलंय," त्या म्हणाल्या. "बघ तरी किती मोठं आहे. घाल गं, राजा. सगळ्यांना बरं वाटेल."

ठिणगीच्या आईनं पोलीसबाईंकडे पाहिलं. "बघा, किती जीव आहे जावयाचा." बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं, कारण तिनं तोंडावर हात घेतला.

ठिणगीला बोलता येत नव्हतं. तिनं हात पुढे केला. मालकीणबाईंनी दागिना तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं तो गळ्यात घातला नाही. मान हळूहळू वळवून तिनं बापाला शोधलं आणि हात त्यांच्यापुढे धरला. त्या दुपारी धरला होता, अगदी तसाच. दोन्ही डोळे सुजून बारीक झालेले, पण त्यांतून ती बापाकडे रोखून बघत होती.

भिंगकाकांनी हिऱ्याकडे पाहिलं नाही. कपाळावरचं तडकलेलं भिंग त्यांनी काढून खिशात घातलं. खाली बसले आणि पोरीचं तोंड बघितलं. वळ बघितले, तारा बघितल्या, कानातला कापूस बघितला, गळ्याच्या खळीतली ती जखम बघितली, दोन बाजूंनी दुमडलेली, कड नेमकी. सगळं बघून होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

"बघतोय गं," ते म्हणाले. "आता तुलाच बघतोय."

मग ते उभे राहिले. "पोलीसबाई, माझी मुलगी पडली नाही. तिच्या नवऱ्यानं तिला मारलं. मी तिथे होतो, मी सगळं पाहिलं. गळ्याची जखम आधीची आहे. ती घेऊन ती माझ्याकडे आली होती आणि मीच तिला परत पाठवलं. हेही लिहा."

"अहो!" ठिणगीची आई कळवळली. "सगळं तुटेल हो."

"तुटलंय ते तिचं हाड. अजून काय तुटायचं राहिलंय?"

आई खाटेच्या कडेवर बसली. बराच वेळ पोरीचा पाय पांघरुणावरून चोळत राहिली. "नाही पडली," ती शेवटी म्हणाली, कुणाकडेही न बघता. "कधीच पडायची नाही ती. झाडावर चढायची तेव्हासुद्धा नाही."

ठिणगीनं तळवा उलटा केला. हिरा पांघरुणावरून घरंगळून खाली पडला. खोलीत एवढी माणसं होती, पण या वेळी तो शोधायला कुणी वाकलं नाही. मालकीणबाई मात्र रिकामी डबी उघडी धरून तशाच उभ्या राहिल्या.

खटला उभा राहिला. धाकट्या मालकांना जामीन मिळाला आणि ते पुन्हा दुकानात बसायला लागले. जगात अजून तरी हे असंच चालतं. ठिणगीचा जबडा जुळला, शब्द एका बाजूनं निघायला लागले, पण निघायला लागले. उजव्या कानानं तिला ऐकू येत नाही. कुणी त्या बाजूनं नको ते बोललं तर "बरं झालं" म्हणते.

भिंगकाकांनी घरातल्या खिडकीत बाक मांडलं. भिंतीवर ठिणगीनं मोठ्या अक्षरांत पाटी लिहून लावली: 'हृदयाचा हिरा बसवून हवा असल्यास घालणाऱ्या बाईंना घेऊन या.' त्या पाटीपायी निम्मी गिऱ्हाइकं परत जातात. एक गृहस्थ तर भडकलेच. "तुम्हाला काय करायचंय? पैसे मी देतोय, हिरा माझा आहे!" भिंगकाका उठले आणि त्यांना दार उघडून दिलं. लोक म्हणतात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ज्या बाया येतात, त्यांचा दागिना बघायच्या आधी ते समोर खुर्ची सरकवतात, पाणी देतात आणि हात, मान, चेहरा, नीट बघतात. टवाळ आता तिथेच पॉलिशला बसतो. हृदय आलं की त्याच्या तोंडून विनोद निघत नाही. तो यंत्र थांबवतो, म्हणजे बाईंना हळू बोलता यावं.

एका सकाळी दारात मालकीणबाई आल्या. एकट्याच. हातात डबा होता. त्यांनी तो बाकावर ठेवून उघडला. आत हृदयंच हृदयं, लहान, मधली, मोठी. प्रत्येकाच्या टोकावर भिंगकाकांच्याच हातची टोपी.

"कानातली निघत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच घट्ट केली होतीत. काढून द्या."

भिंगकाकांनी डब्याकडे पाहिलं नाही. खुर्ची पुढे केली. ठिणगी आतून पाणी घेऊन आली आणि सासूसमोर उभी राहिली. मालकीणबाईंनी कानावरचे केस मागे सारले. कानामागून मानेपर्यंत उतरलेला एक जुना पांढरा व्रण होता, केसांच्या खाली इतकी वर्षं व्यवस्थित राहिलेला.

टवाळनं यंत्र बंद केलं.

"कोर्टात मलाही बोलता येईल का?" मालकीणबाईंनी ठिणगीला विचारलं. "मला सवय नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही."

ठिणगीनं स्टूल ओढलं आणि ऐकू येणारा कान त्यांच्याकडे करून बसली.

"पहिल्या हिऱ्यापासून," ती म्हणाली. "तो कधी मिळाला? आदल्या दिवशी काय झालं होतं?"